काळ्या गाडीला ऑटोमॅटिक मशीनमध्ये धुतलेलं चालेल का? (इंदूर)

राजेंद्रनगरकर:
गाडी काळी, सहा महिने जुनी, कोटिंग वगैरे काही केलेलं नाही. रोज राजेंद्र नगर ते पीथमपूर जाणं-येणं, त्यामुळे धूळ आणि ट्रकांनी उडवलेली घाण भरपूर. आठवड्यातून एकदा धुवावीच लागते. ब्रशच्या मशीनमध्ये दहा मिनिटांत काम होतं, पण ब्रशने रंगावर चरे पडतात असं ऐकतो. टचलेस, म्हणजे ब्रशविना नुसत्या रसायनाने आणि पाण्याच्या माऱ्याने धुणारं मशीन, त्यापेक्षा बरं का? सोसायटीत एक माणूस रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसतो, ते चालू ठेवू का?

क्लिअरकोट:
आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: ते पुसणं आजच बंद करा. मशीनपेक्षा जास्त नुकसान त्यानेच होतं.

वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस याहून जाड. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळूतलं क्वार्ट्झ क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. कोरडं फडकं हे कण दाबून ओढतं. पाणी नाही, साबण नाही, म्हणजे कणाला रंगावरून घसरत जाण्यावाचून वाटच नाही. हे वर्षातून तीनशे वेळा होतं.

ब्रशच्या मशीनमध्येही चरे पडतात ते याच कारणाने. नायलॉनच्या तारा स्वतः फारशा वाईट नाहीत, पण आधी धुतलेल्या गाडीचा चिखल त्यांच्यात अडकलेला असतो. पावसाळ्यात तुमच्या आधी शेतातून आलेली जीप धुतली गेली असेल, तर तिची माती तुमच्या दारांवर फिरते. फोमच्या पट्ट्यांचं मशीन बरं, कारण तो फोम पाणी आणि कण सहसा शोषत नाही. तरीही गाडी आत घेण्याआधी प्रेशरने नीट धुतात का, ते उभं राहून बघा. धूळ तशीच ठेवून ब्रश फिरवत असतील, तर गाडी परत फिरवा.

चरे कोणी पाडले तेही ओळखता येतं. अंधारात मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरा. उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतील, पण ते चरे खरे गोल नसतात. वेगवेगळ्या दिशांचे चरे एका बिंदूच्या उजेडात तसे दिसतात. असं जाळं बहुतेक हाताच्या पुसण्याचं. मशीनचे चरे मात्र एका दिशेने असतात: दारांवर आडवे, बॉनेटवर पुढून मागे.

फोमगन:
टचलेसबद्दल. तिथे रंगाला काही घासत नाही, म्हणून चऱ्यांच्या बाबतीत ते सर्वांत सुरक्षित. पण घासायचं काम रसायनाला करावं लागतं, म्हणून ते तीव्र असतं. दर आठवड्याला तिथे धुतलं तर वॅक्स लवकर उतरतो. शिवाय गाडी वाळल्यावर दारावर ओलं पांढरं मायक्रोफायबर हलकेच टेकवून बघा, राखाडी डाग उठेल. तो बारीक थर नुसत्या पाण्याने जात नाही. महिन्यातून एकदा हाताने धुणं लागेलच.

हाताने धुण्याची पद्धत अशी: सावलीत, बॉनेट गार झाल्यावर. आधी नुसत्या पाण्याने वरून खाली. माळव्याची काळी माती वाळली की घट्ट बसते, तेव्हा चाकांच्या कमानी आणि खालच्या कडा पाच-दहा मिनिटं भिजू द्या, नखाने खरवडू नका. फोम गनमध्ये लिटरभर पाण्यात 40-50 मिली गाडीचा शॅम्पू, फोम तीन-चार मिनिटं राहू द्या, वाळू देऊ नका. मग दोन बादल्या: एकात शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मिट (गाडी धुवायचा मऊ हातमोजा) साध्या पाण्यात खळबळून मगच शॅम्पूत बुडवा. छतापासून सुरुवात, दारांचा खालचा भाग शेवटी. चाकांना वेगळं फडकं, आणि जमिनीवर पडलेलं मिट त्या दिवसापुरतं बाद.

प्रेशर वॉशर असेल तर नोझल निदान हातभर लांब. जिथे दगडाने टवका उडालाय, तिथे जवळून मारा बसला तर कडेचा रंग सोलतो.

राजेंद्रनगरकर:
टॉर्च मारून पाहिला. बॉनेटवर जाळं आहे, दारांवर चरे नाहीत. एका दाराचं रंगकाम मात्र मागच्या आठवड्यातच झालंय.

क्लिअरकोट:
जाळं फडक्याचंच. ते नखाला लागत नसेल तर हलक्या पॉलिशने जाईल. कंपाउंड, म्हणजे जास्त खरखरीत पॉलिश, दर वर्षी मारू नका, कारण प्रत्येक वेळी क्लिअर कोटचे काही मायक्रॉन जातात आणि ते परत येत नाहीत. पॉलिशनंतर वॅक्स किंवा सिलंट (वॅक्ससारखाच रंगावरचा संरक्षक थर) लावा.

नव्या दाराबद्दल सांभाळा. कारखान्यात रंग 140 अंशांच्या आसपास भाजतात, वर्कशॉपमध्ये साधारण 60. म्हणून तो पूर्ण घट्ट व्हायला आठवडे लागतात. महिनाभर ब्रशचं मशीन आणि वॅक्स दोन्ही नको, सौम्य शॅम्पूने हाताने धुवा.

बोअरचंपाणी:
दोन गोष्टी राहिल्या. बोअरचं पाणी जड असेल तर मे महिन्यातल्या उन्हात थेंब मिनिटांत वाळून पांढरे डाग उरतात. शेवटचं पाणी नळाचं मारा आणि लगेच जाड मायक्रोफायबर वरून पसरून पाणी टिपा, घासू नका. डाग ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान, मिनिटभर ओलं ठेवून भरपूर पाण्याने धुवा.

दुसरं, रंगपंचमीला राजवाड्याच्या बाजूला गाडी लावणारच असाल तर गुलाल हाताने झटकू नका. कोरडा असताना हवेने उडवा, मग भरपूर पाणी. ओल्या फडक्याने पुसलात तर रंग काचेच्या रबरांत आणि काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांत जातो आणि तिथून निघणं फार अवघड.

मशीनमध्ये नेलीत तर आपोआप चालणारे वायपर बंद करा, आरसे मिटा, स्क्रूची अँटेना काढा.