हिंसक गटाशी नातं असलेल्या पक्षावर बंदी घालावी का?

सतीकाठ (कुरखेडा)

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या अभ्यासगटात पुढच्या बैठकीला हा विषय घेतला आहे. एखाद्या पक्षाचे धागे बंदूकवाल्यांशी जुळलेले असतील, तर लोकशाहीनं त्या पक्षावर बंदी घालावी की नाही? आमच्या गडचिरोलीसारख्या ज्या जिल्ह्यात कित्येक केंद्रांवर सकाळी सात ते दुपारी तीनच मतदान होतं, तिथं हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही जी.

मतं तर सांगाच, पण त्यासोबत पक्कं काही सांगा. आपल्याकडं पक्षावर बंदी घालतो कोण, निवडणूक आयोग की सरकार? पुढं कोर्टात काय होतं? बाहेरच्या देशांत हे कुठं जमलं आणि कुठं अंगलट आलं? चर्चा टीव्हीवरच्या भांडणासारखी होऊ नये एवढीच इच्छा आहे.

वकिली_चामोर्शी

ताई, आधी निवडणूक आयोगाबद्दलचा गैरसमज काढू. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम २९-अ खाली आयोग पक्षाची नोंदणी करतो. नोंदणीच्या वेळी पक्षाला आपल्या घटनेत लिहावं लागतं की भारताच्या संविधानावर, समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांवर आमची निष्ठा आहे. पण नोंदणी रद्द करायचा सरसकट अधिकार आयोगाला नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली तीनच अपवाद मान्य केले. पक्षानं नोंदणी फसवणुकीनं मिळवली असेल, पक्षानंच आपण संविधान मानत नाही असं कळवलं असेल, किंवा सरकारनं त्याला कायद्यानं बेकायदेशीर ठरवलं असेल. म्हणजे खरी किल्ली केंद्र सरकारच्या हाती आहे, आणि तो कायदा म्हणजे यूएपीए, म्हणजेच बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) कायदा, १९६७.

त्यात दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि बहुतेकांची गफलत इथंच होते.

पहिली वाट कलम ३ ची, 'बेकायदेशीर संघटना'. केंद्र राजपत्रात अधिसूचना काढतं. तीस दिवसांच्या आत प्रकरण न्यायाधिकरणाकडे पाठवावं लागतं. न्यायाधिकरण म्हणजे उच्च न्यायालयाचा एक न्यायाधीश. तो संघटनेला नोटीस देतो, दोन्ही बाजू ऐकतो आणि सहा महिन्यांत बंदी कायम करतो किंवा उठवतो. कायम झाली तर मुदत पाच वर्षं. आधी ती दोन वर्षं होती, २०१३ पासून वाढली. एरवी न्यायाधिकरणाच्या शिक्कामोर्तबानंतरच बंदी लागू व्हायला हवी, पण लेखी कारण देऊन सरकार ती त्याच दिवसापासून लावू शकतं.

दुसरी वाट कलम ३५ ची, 'दहशतवादी संघटना'. इथं नाव थेट कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जातं. न्यायाधिकरण नाही, मुदतही नाही. नाव काढायचं तर कलम ३६ खाली केंद्राकडेच अर्ज करायचा, आणि तो फेटाळला गेला तर पुनर्विलोकन समितीकडे जायचं. भाकप (माओवादी) जून २००९ पासून याच अनुसूचीत आहे, तेही 'तिच्या सर्व शाखा आणि आघाडी संघटनांसह'. हे शेवटचे चार शब्द अधोरेखित करून ठेवा. आघाडी संघटना कोणती, याची यादी त्या ओळीत नाही.

हिंसक संघटनेवर बंदी आली की तिच्याशी जोडला जाणारा पक्ष आपोआप बंद होत नाही, हेही गटात सांगा. सप्टेंबर २०२२ मध्ये पीएफआय (पॉप्युलर फ्रंट ऑफ इंडिया) आणि तिच्या आठ संलग्न संस्थांवर बंदी आली, पण तिच्याशी जोडल्या जाणाऱ्या एसडीपीआय या नोंदणीकृत पक्षाचं नाव त्या अधिसूचनेत नव्हतं.

पैनगंगा_यवतमाळ

माझं मत बंदीच्या बाजूनं आहे, आणि त्यामागं विचारसरणीचा राग नाही. निवडणूक म्हणजे सगळ्यांना सारख्या जोखमीवर उभं राहता येणं. एका पक्षाचा उमेदवार रात्री निर्धास्त झोपतो आणि त्याच्यासमोर उभा राहणारा अंगरक्षकाशिवाय बाजारातही जाऊ शकत नाही, तर ती मतपेटी कोऱ्या कागदाच्या किमतीची.

स्पेनमध्ये नेमकं हेच झालं. बास्क प्रांतात एटा ही सशस्त्र संघटना आणि बातासुना हा तिच्याशी जोडलेला पक्ष. एटानं अनेक दशकांत आठशेहून जास्त माणसं मारली, त्यात विरोधी पक्षांचे साधे नगरसेवकही होते. एर्मुआ या लहानशा गावचा नगरसेवक मिगेल आंखेल ब्लांको याला जुलै १९९७ मध्ये पळवून नेऊन मारलं, तेव्हा सारा देश रस्त्यावर आला.

२००२ साली तिथं पक्षांचा नवा कायदा झाला, आणि तो कसा लिहिला हे पाहण्यासारखं आहे. पक्षाला स्वातंत्र्य मागायची मनाई नाही. बंदीला कारण ठरते ती वागणूक, तीही गंभीर आणि वारंवार झालेली: अतिरेकी कृत्यांना राजकीय आधार देणं, अशा गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना पदं किंवा उमेदवारी देणं, मारेकऱ्यांचे सत्कार करणं. बंदी सरकार घालत नाही. सरकार किंवा सरकारी अभियोक्ता अर्ज करतो आणि सर्वोच्च न्यायालयाचं विशेष पीठ निकाल देतं. बातासुना मार्च २००३ मध्ये बंद झाली, आणि युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं जून २००९ मध्ये तो निर्णय योग्य ठरवला.

पुढं त्याच राजकीय कुळातून सोर्तु नावाचा पक्ष निघाला. त्यानं एटाची हिंसा नाकारतो असं आपल्या नियमावलीत लिहिलं. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये नोंदणी नाकारली, संवैधानिक न्यायालयानं २०१२ मध्ये दिली. एटानं ऑक्टोबर २०११ मध्ये सशस्त्र कारवाया थांबवल्या आणि मे २०१८ मध्ये स्वतःला विसर्जित केलं. हे सगळं बंदीमुळंच झालं असा माझा दावा नाही. पोलिसी कारवाई होती, लोकही कंटाळले होते. पण 'बंदूक सोडा, मग निवडणूक लढा' ही अट स्पष्ट होती, आणि अट पाळल्यावर दार खरंच उघडलं.

मोहफूल_कोरची

पैनगंगा भाऊ, दार उघडलं हेच मुख्य. पण दार उघडायला बंदीच लागते असं कुठं आहे?

मिझोरम घ्या. मिझो नॅशनल फ्रंटनं मार्च १९६६ मध्ये उठाव केला, ऐझॉलवर विमानांनी मारा झाला, संघटना बेकायदेशीर ठरली. वीस वर्षं गेली. ३० जून १९८६ च्या करारात फ्रंटनं शस्त्रं खाली ठेवायचं आणि आपली घटना देशाच्या कायद्याशी जुळवून घ्यायचं कबूल केलं. फ्रंटचे नेते लालडेंगा मुख्यमंत्री झाले. तोच पक्ष आजही निवडणुका लढतो, जिंकतो, हरतो. १९४८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली, १९५० मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं ती उठवली, आणि पहिल्या लोकसभेत १६ जागा घेऊन तोच सर्वांत मोठा विरोधी गट झाला. ब्रिटननं तर १९७४ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या शिन फेन या पक्षावरची बंदी स्वतःहून काढली, त्याच्याशी जोडलेल्या आयआरए या सशस्त्र संघटनेचा गोळीबार चालू असताना. बोलायला समोर कोणी तरी लागतं ना! तिथला १९९८ चा शांतता करार शक्य झाला त्याचं हे एक कारण आहे.

बंदी फसते कशी, हे तुर्कस्तानात दिसतं. कुर्दांचे पक्ष १९९३, १९९४, २००३ आणि २००९ मध्ये एकामागून एक बंद केले. दर वेळी तीच माणसं, तोच मतदार, नवी पाटी. मतदार कुठं जाणार? जर्मनीत वेगळंच झालं. एनपीडी या अतिउजव्या पक्षावरचा बंदीचा खटला २००३ मध्ये मोडला, कारण पक्षाच्या नेतृत्वातच गुप्तचर खात्याचे खबरी बसले होते. पक्ष काय बोलतो आणि खबरी काय बोलतो, हे वेगळं करता येईना. २०१७ मध्ये न्यायालय म्हणालं की पक्षाचे हेतू संविधानविरोधी आहेत, पण ते तडीस नेण्याइतकी ताकद त्याच्यात नाही, म्हणून बंदी नाही. त्यानंतर त्यांनी संविधान दुरुस्त करून मधला उपाय काढला. पक्ष राहू द्यायचा, पण सरकारी पैसा तोडायचा. जानेवारी २०२४ मध्ये सहा वर्षांसाठी तो तोडला.

आपल्याकडचा मुद्दा तर आणखी वेगळा. माओवादी निवडणूक लढतच नाहीत, बहिष्काराची पत्रकं टाकतात. तेव्हा 'पक्षावर बंदी'चा फटका त्यांना मतपेटीत बसत नाही. तो बसतो तो मधल्या माणसाला. खाणीविरुद्ध ठराव करणारी ग्रामसभा, वनहक्काचा दावा लावणारा कार्यकर्ता, उघडपणे निवडणूक लढणारा डावा पक्ष. नावात 'कम्युनिस्ट' आहे म्हणून भाकप, माकप आणि माओवादी एकाच पोत्यात घालणारे लोक मोप आहेत. ताई, गटात हा फरक पहिल्या दहा मिनिटांतच फळ्यावर लिहा.

सतीकाठ (कुरखेडा)

सगळ्यांचे आभार. पण बैठकीत बायांचा पहिला प्रश्न हाच येणार: रात्री बंदूक घेऊन आलेल्यांना भात रांधून घातला, तर ते सदस्यत्व की मदत? आणि मुंबईत झालेल्या नव्या कायद्यानं काय बदलतं?

वकिली_चामोर्शी

ताई, यूएपीएतले शब्दच पाहू. आसरा देण्याचा गुन्हा कलम १९ मध्ये आहे आणि तिथं 'स्वेच्छेने' हा शब्द आहे. कलम ३८ मध्ये सदस्यत्वाचा गुन्हा होतो तो संघटनेचं काम पुढं नेण्याच्या हेतूनं. शिवाय तात्काळ मृत्यूच्या धाकाखाली केलेलं कृत्य गुन्हा ठरत नाही, हे तत्त्व पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ९४ मध्ये होतं, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२ मध्ये आहे (खून, आणि देशाविरुद्धचे मृत्युदंडाचे गुन्हे वगळून). म्हणजे धाकानं घातलेला भात गुन्हा नाही.

पण हे सिद्ध होईपर्यंतचा काळ मोठा कठीण. आरोपपत्राला १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते. कलम ४३-ड(५) मुळं आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर दहशतवादी कृत्यांच्या कलमांत जामीन मिळत नाही. आणि २०११ चा 'नुसतं सदस्यत्व गुन्हा नाही' हा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठानं मार्च २०२३ मध्ये रद्द केला. जुन्या पुस्तिका वाचून कोणी तो आधार सांगत असेल तर थांबवा.

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. त्यात संघटना बेकायदेशीर ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे आणि तपासणी सल्लागार मंडळाकडे. खटला कसा उभा राहतो यापेक्षा मंडळ पुरावा किती बारकाईनं तपासतं, यावर सगळं अवलंबून आहे. १९९५ मध्ये जमाते इस्लामी हिंदच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं न्यायाधिकरणाचा निर्णय याच कारणानं फिरवला होता. सरकार काही माहिती गुप्त ठेवू शकतं, पण ती खरी आहे का हे न्यायाधिकरणानं स्वतः तपासायलाच हवं, नुसत्या शपथपत्रावर बंदी कायम करता येत नाही, असं न्यायालय म्हणालं.

कोणाला उचलून नेलं तर पहिल्याच दिवशी तालुका विधी सेवा समितीकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. अनुसूचित जमातीच्या माणसाला, बाईला आणि कोठडीतल्या कोणालाही उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अटकेची कारणं लेखी मागा, आणि न समजणाऱ्या कागदावर अंगठा देऊ नका.

पैनगंगा_यवतमाळ

मोहफूल भाऊ, मधल्या माणसाचा मुद्दा मला मान्य आहे. म्हणूनच बंदी कोर्टानं घालावी, वागणुकीवर घालावी आणि मुदतीची असावी असं म्हणतो. अनुसूचीची दुसरी वाट मलाही खटकते. पण मिझोरमची वीस वर्षं तुम्ही एका वाक्यात ओलांडली. त्या वीस वर्षांत गावंच्या गावं उठवून रस्त्यालगत वसवली होती.

मोहफूल_कोरची

खरं आहे, ते लिहायला हवं होतं. ताई, गटात मिझोरम सांगाल तेव्हा ती गावंही सांगा. आणि कलम १९ मधला 'स्वेच्छेने' आणि कलम ३८ मधला 'हेतू', हे दोन शब्द गोंडीतून नीट समजावणारं कोणी आधीच बघून ठेवा, कारण मराठी कागद वाचून दाखवला तर अर्ध्या बाया मान हलवतील आणि विचारणार काहीच नाहीत.