आभासी हॉटेलात फ्रंट ऑफिसचा सराव: 12 संगणक, 24 मुलं, जमेल का?

निदेशक_फोंडा
नमस्कार. फ्रंट ऑफिस आणि हाउसकीपिंगची 24 मुलं आहेत. लॅबमध्ये 12 संगणक, 8 जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. शिक्षकाचा संगणक वेगळा. पावसाळ्यात नेटचा भरवसा नाही, हेडसेटवाल्या व्हीआरला पैसे नाहीत. दोन प्रसंगांचा सराव हवाय: काउंटरवर भडकलेल्या पाहुण्याचं चेक-इन, आणि मजल्यावर आग लागली तर पाहुण्यांना बाहेर काढणं. पडद्यावरच्या अवतारांनी हे शिकवता येईल का? तास 45 मिनिटांचा.

सर्व्हर_म्हापसा
येईल. फक्त इंटरनेटवरच्या फुकट जगात हॉटेल बांधू नका. ऑल्टस्पेस मार्च 2023 मध्ये बंद झालं, मोझिलाचं हब्ज मे 2024 मध्ये. दुसऱ्याच्या सर्व्हरवर बांधलेलं तो सर्व्हर आहे तोवरच आपलं.

ओपनसिम्युलेटर (ओपनसिम) घ्या. आपल्याच संगणकावर आभासी जग चालवणारं सॉफ्टवेअर आहे. मोफत आहे, लॅबच्या लॅनवर, म्हणजे संगणक आपसात जोडलेल्या जाळ्यावर, चालतं, नेट गेलं तरी तास थांबत नाही. शिक्षकाच्या संगणकावर स्टँडअलोन पद्धतीने, म्हणजे सगळं एकाच संगणकावर, बसवा; तोच आपला सर्व्हर. नव्या 0.9.3 ला मायक्रोसॉफ्टचं डॉटनेट 8 हे पूरक सॉफ्टवेअर लागतं, ते आधी टाका. एक रीजन, म्हणजे आभासी जमिनीचा तुकडा, 256 × 256 मीटरचा असतो. तुमच्या हॉटेलला तेवढा पुष्कळ.

मुलांच्या संगणकांवर फायरस्टॉर्म व्ह्यूअर, म्हणजे ते जग पडद्यावर दाखवणारा प्रोग्रॅम. त्याच्या दोन प्रती मिळतात. ओपनसिमसाठीचीच घ्या, दुसरी फक्त सेकंड लाइफ या इंटरनेटवरच्या आभासी जगाला जोडते. ऑनबोर्ड ग्राफिक्सवर 7.1 पासूनच्या आवृत्त्या जड जातात, 6.6.17 बरी. सावल्या बंद, ड्रॉ डिस्टन्स (किती लांबपर्यंतचं दिसावं ते) 64 मीटर.

खातं सर्व्हरच्या कन्सोलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘क्रिएट युजर’ने होतं. 12 खाती करा आणि त्यांना भूमिकेचंच नाव द्या: रिसेप्शन एक, पाहुणा एक. मुलांच्या नावाची खाती केलीत तर भूमिका बदलताना दर वेळी कपडे बदलण्यात दहा मिनिटं जातील.

बांधून झालं की ‘सेव्ह ओएआर’ करून फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. या फाइलमध्ये इमारत आणि जमीन येते, खाती येत नाहीत. आणि सर्व्हरला यूपीएस हवाच. मूळ सेटिंगमध्ये तो सगळी माहिती एसक्यूलाइट डेटाबेसच्या फाइलमध्ये ठेवतो. लिहिताना वीज गेली तर फाइल बिघडू शकते. कन्सोलवर ‘शटडाउन’ दिल्याशिवाय खिडकी बंद करू नका.

काउंटर_काणकोण
चोवीसांना बारा संगणक पुरतात, उलट तेच चांगलं. एक अवतार चालवतो, शेजारचा हातात यादी घेऊन पाहतो: नमस्कार केला का, बुकिंग कुठल्या नावावर आहे विचारलं का, ओळखपत्र मागितलं का, परदेशी असेल तर पासपोर्ट-व्हिसा दोन्ही पाहिले का, पाहुणा बोलत असताना मध्येच तोडलं का. दुसऱ्या फेरीत अदलाबदल.

पहिला तास फक्त चालणं, बसणं आणि ऑल्ट दाबून कॅमेरा फिरवणं यालाच द्या. तो वाचवलात तर पुढच्या तासाला पाहुणा खांबात अडकतो आणि सगळे हसत बसतात.

प्रसंग 10 मिनिटांचा. मागून चर्चा किमान 15 मिनिटं, आणि शिकणं होतं ते इथेच. पाहुण्याची भूमिका करणाऱ्याला चिठ्ठी द्या: ‘दाबोळीला विमान चार तास उशिरा उतरलं, खोली समुद्राकडची सांगितली होती, मिळाली मागची.’ नुसतं ‘भडक’ म्हटलं तर मुलं ओरडतात, तक्रार करत नाहीत.

काउंटर दोन केलेत तर त्यांच्यात 20 मीटरपेक्षा जास्त अंतर ठेवा. टाइप केलेली साधी चॅट तेवढ्या अंतरापर्यंत दिसते. जवळ ठेवले तर एका पाहुण्याचा राग दुसऱ्या रिसेप्शनवर उमटतो.

अग्निसुरक्षा_वास्को
आगीच्या प्रसंगाबद्दल दोन सूचना, दोन्ही महत्त्वाच्या.

अवतार सेकंदाला सुमारे 3.2 मीटर चालतो, माणूस साधारण 1.3. म्हणून ‘दोन मिनिटांत मजला रिकामा झाला’ असं मोजमाप इथे काढूच नका. इथे क्रम तपासा: अलार्म वाजवला का, दार उघडण्याआधी हाताच्या पाठीने गरम आहे का पाहिलं असं सांगितलं का, लिफ्ट टाळली का, जमायच्या जागी पाहुण्यांची मोजणी केली का.

दुसरं, नेहमीचा कॅमेरा अवताराच्या डोक्यामागे, वर असतो. वाकायला हवं हे त्यामुळे कळतच नाही, धुराच्या वरून सगळं दिसतं. ‘एम’ दाबून माउसलूक लावायला सांगा, म्हणजे अवताराच्या डोळ्यांनी दिसेल. जमिनीच्या पर्यायांत उडण्याची परवानगीही काढा, नाहीतर तिसऱ्या मजल्यावरून सगळे खिडकीतून उडतील.

अग्निशामक सिलिंडरचा सराव मात्र इथे नको. पिन ओढणं, नळी ज्वाळेच्या मुळाशी धरणं, दांडा दाबणं, डावी-उजवीकडे फिरवणं, यात वजन आणि झटका हाताला कळावा लागतो. तो मैदानातच, खऱ्या सिलिंडरवर.

निदेशक_फोंडा
देव बरें करूं सगळ्यांना. बसवलं. पण मुलांच्या संगणकावरून पासवर्ड चालतो आणि मग रीजनची वाट पाहत अडकतं. शिवाय चॅटमध्ये मराठी लिहिलं की अक्षरं विस्कटतात.

सर्व्हर_म्हापसा
पहिलं नेहमीचं आहे. ओपनसिमच्या आयएनआय (सेटिंगच्या) फाइलमध्ये बेसहोस्टनेम, म्हणजे सर्व्हरचा पत्ता, अजून 127.0.0.1 असेल. त्या आकड्याचा अर्थ ‘हाच संगणक’, म्हणून मुलाचा व्ह्यूअर स्वतःलाच शोधत बसतो. तिथे आणि रीजनच्या फाइलमधल्या एक्स्टर्नलहोस्टनेममध्ये सर्व्हरचा लॅन पत्ता घाला, उदाहरणार्थ 192.168.1.10. राउटरमध्ये तो पत्ता कायमचा राखून ठेवा, नाहीतर वीज येऊन-जाऊन बदलेल. मग सर्व्हरवरच्या विंडोजच्या फायरवॉलमध्ये 9000 पोर्ट टीसीपी आणि यूडीपी या माहिती पाठवायच्या दोन्ही पद्धतींना खुलं करा. लॉगिन टीसीपीने होतं, पुढचं जग यूडीपीने येतं. फक्त टीसीपी उघडलं की नेमकं तुमच्यासारखं होतं.

अक्षरांचं: व्ह्यूअर देवनागरीची जोडणी करत नाही, वेलांटी अक्षराच्या मागे पडते, जोडाक्षर फुटतं. त्यावर सेटिंग नाही. पाट्या, दरफलक आणि ‘बाहेर जाण्याचा मार्ग’ 512 × 512 पिक्सेलच्या चित्रात लिहून भिंतीवर चिकटवा, ते नीट दिसतं.

बोलण्यासाठी टाइपिंग सोडा. मंबल हा मोफत आवाजाचा सर्व्हर त्याच संगणकावर बसतो, पोर्ट 64738, प्रत्येक काउंटरला वेगळं चॅनेल. पाहुण्यांना शेजारच्या खोलीत बसवा; एकाच खोलीत बारा माइक सुरू झाले की प्रतिध्वनी घुमतो. निरीक्षकालाही ऐकू यायला हवं, म्हणून प्रत्येक संगणकाला दोन इअरफोन एकत्र लावता येतील असा जोड घ्या.