शोपँचा प्रेल्यूड ट्रॉम्बोनवर: डाव्या हाताचं काय करावं?

मंडळी, मदत हवी आहे. माझा भाचा म्हापशात फेस्तांच्या (चर्चच्या सणांच्या) बँडमध्ये ट्रॉम्बोन, म्हणजे सरकत्या नळीचं पितळी फुंकवाद्य, वाजवतो. त्याला संगीतकार शोपँचा ई मायनर प्रेल्यूड (पियानोची छोटी रचना; ओपस 28, क्रमांक 4) पियानोच्या साथीने बसवून देतोय. संथ चाल, लांब सूर. या वाद्याला शोभेलसं वाटलं.

मूळ चाल ट्रॉम्बोनला फार उंच पडते, म्हणून एक सप्तक खाली आणली. आता पहिलाच लांब ‘बी’ पियानोच्या डाव्या हाताच्या जी-बी-ई कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या) पोटात जाऊन बसतो, ऐकूच येत नाही! कॉर्ड आणखी खाली नेले तर सगळा गढूळ आवाज. चाल ट्रॉम्बोनकडे गेल्याने पियानोचा उजवा हात रिकामाच आहे. तळचा स्वर डाव्याला ठेवून वरचे दोन उजव्याला एक सप्तक वर द्यावेत का? की पट्टीच बदलावी? पट्टी बदलायला माझं मन होत नाही.

दुसरं, ‘बी’ स्लाइडच्या (सरकत्या नळीच्या) चौथ्या पोझिशनला, ‘सी’ तिसऱ्या. स्लाइड सरकताना सूर घसरतो, जीभ जोरात लावली तर ओळ तुटते. मिरवणुकीत हे खपून जातं, इथे उघडं पडतं. जिभेच्या हलक्या ‘द’ने वाजवायला सांगू का? कुणी केलं असेल तर पहिल्या चार मापांचं नोटेशन टाकाल का?