सासू-सासऱ्यांना घेऊन अमेरिकेतली कोणती राज्यं बघावीत? तुमच्या आठवणी सांगा

पर्वतीपायथा:
पुढच्या मे महिन्यात सासू-सासरे, नवरा, सहावीतली लेक आणि मी असे अमेरिकेला निघालोय. दीर फिनिक्सला असतात, मुक्काम त्यांच्याकडेच. इथल्या एका टूरवाल्यांनी दिलेल्या कार्यक्रमात न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन डीसी, ऑरलँडो, लास व्हेगास, लॉस एंजेलिस असं सगळंच आहे. रोज बॅग भरायची, रोज नवं हॉटेल. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण उत्साह माझ्याहून जास्त. घरच्यांबरोबर फिरलात त्यातलं काय मनात राहिलं, ते ऐकायचंय. ठिकाणांच्या याद्या नेटवर भरपूर आहेत.

भूगोलाच्या_बाई:
दीर फिनिक्सला आहेत ना, मग ॲरिझोना सोडून फार लांब जाऊच नका.

मी पुण्यातल्या शाळेत नोकरीभर भूगोल शिकवला. मुलगा सिॲटलला असतो, त्यामुळे आमचं जाणं होतं, आणि दर खेपेला एखाद-दुसरंच राज्य नीट बघायचं असं आम्ही ठरवून टाकलंय. सगळ्यात जास्त बोलणं होतं ते ॲरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनच्या दरीबद्दल. साउथ रिमची, म्हणजे तिच्या दक्षिण काठाची उंची २,१०० मीटरच्या आसपास, म्हणजे दरीच्या काठावर उभे असतानाच तुम्ही कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) कितीतरी वर असता. ह्यांना पहिल्या दिवशी धाप लागली, म्हणून संध्याकाळभर आम्ही काठावरच्या बाकावर बसून राहिलो. खाली दीड किलोमीटर खोल दरी आणि समोरच्या थरांवर दर पाच मिनिटांनी बदलणारा उजेड. फळ्यावर रंगीत खडूंनी मी ते थर किती वर्षं काढत आले होते! इतके जवळून बघताना डोळे भरून आले.

सासूबाईंसाठी मुद्दाम सांगते, तिथे काठाकाठाने 'ट्रेल ऑफ टाइम' नावाची फरसबंद वाट आहे. एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. यावापाई संग्रहालयापाशी 'आज', आणि तिथून मागच्या काळात चालत जायचं. नातवाला विचारलं, आपला सिंहगड कुठे येईल? दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे ६६ मीटर. तो जमिनीतल्या खुणा मोजत पळाला आणि सत्तरच्या अलीकडे थांबून ओरडला, "आजी, सिंहगड इथे!" दरीच्या तळाशी जो विष्णू शिस्ट नावाचा खडक आहे, त्याच्यासाठी मात्र जवळजवळ पावणेदोन किलोमीटर चालावं लागतं. आम्ही चाललो, मधूनमधून बसत. नको वाटलं तर थोडं चालून फुकटच्या शटल बसने परत यायचं. लेकीला सिंहगडाचा प्रश्न नक्की घाला.

फ्लॅगस्टाफच्या पूर्वेला तासाभराच्या आत मीटिअर क्रेटर, म्हणजे उल्का आदळून झालेलं विवर लागतं. लेकीने लोणार पाहिलंय का? नसेल तर निघायच्या आधी दाखवा, मग ह्याची गंमत दुप्पट होते. लोणारचं विवर १.८ किलोमीटर रुंद, हे १.२. आपल्याकडे खाऱ्या पाण्याचं तळं, इथे ठणठणीत कोरडं. ५०,००० वर्षं झाली तरी कड ताजी दिसते. अपोलोच्या अंतराळवीरांनी इथे सराव केला होता. जागा खाजगी आहे, राष्ट्रीय उद्यानांचा पास चालत नाही.

आणखी एक, तुमच्या वाटेवर नसलं तरी सांगते. वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागात पलूस फॉल्स नावाचा धबधबा आहे. तिथला कोलंबिया बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक, आपल्यासारखाच थरांवर थर साचलेला, फक्त वयाने बराच लहान, बहुतेक दीड-पावणेदोन कोटी वर्षांचा. ह्यांचं तरुणपण सह्याद्रीत गेलं, आता गुडघ्यांमुळे डोंगर सुटलेत. गाडीतून उतरून ते कड्यांकडे बघतच राहिले आणि म्हणाले, "अगं, हे तर माळशेज!" मुलगा-सून त्यांच्या तोंडून जुन्या भटकंतीच्या गोष्टी पहिल्यांदाच ऐकत होते. परतीच्या रस्त्यावर गाडीत दुसरा विषय नव्हता.

कोथरूड_ते_ऑस्टिन:
बाईंशी सहमत. माझ्या आईचं आवडतं राज्य न्यू मेक्सिको, तेही तिथल्या व्हाइट सँड्स नावाच्या पांढऱ्या वाळूच्या टेकड्यांमुळे. ती वाळू जिप्सम या खनिजाची, त्यामुळे उन्हातही फारशी तापत नाही. आई चपला हातात घेऊन टेकडीवर गेली आणि तिथेच बसून दशम्या-चटणी काढली. शेजारी क्षेपणास्त्रांची चाचणी चालते, तेव्हा रस्ता काही वेळ बंद असतो. आदल्या दिवशी बघून निघा.

नारायणपेठी:
माझं मत वेगळं. नायगारा सोडू नका. बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेत. १८९६ मध्ये तिथली वीज बफेलो शहरापर्यंत नेली, हे त्यांना तोंडपाठ. अमेरिकेच्या बाजूच्या उद्यानात विजेवर काम करणाऱ्या निकोला टेस्ला या संशोधकाचा पुतळा आहे, त्याला त्यांनी वाकून नमस्कार केला. धबधब्यापेक्षा त्या पुतळ्याचे फोटो जास्त आहेत आमच्याकडे. आई-वडिलांना आयुष्यभर कशाची ओढ होती ते आधी विचारा, राज्य त्यावरून ठरवा.

पर्वतीपायथा:
नारायणपेठी, तुमचं वाचून सासऱ्यांना विचारलं. म्हणाले, "वाळवंटातले ते उंच लाल खडक बघायचेत." म्हणजे मॉन्युमेंट व्हॅली ना? बाई, सासूबाईंना झेपेल?

भूगोलाच्या_बाई:
हो, तीच. ॲरिझोना-युटाच्या सीमेवर. आतला रस्ता कच्चा आहे, गाडी चांगलीच आदळते. सासूबाईंना व्हिजिटर सेंटरच्या गच्चीवर बसवा, तिन्ही मोठे सुळके तिथूनच समोर दिसतात. सासरे आणि लेक जीपने आत जाऊन येतील. घड्याळाकडे लक्ष ठेवा, ॲरिझोना उन्हाळ्यात वेळ बदलत नाही पण नवाहो या मूळ रहिवाशांचा प्रदेश बदलतो आणि मॉन्युमेंट व्हॅली त्यातच येते, म्हणून मे महिन्यात तिथे फिनिक्सपेक्षा एक तास पुढे असतं. आणि फिनिक्सच्या उन्हावर जाऊ नका, कॅन्यनच्या काठावर मे महिन्यातही रात्री कडाक्याची थंडी पडते. दोघांचे स्वेटर हातातल्या बॅगेतच ठेवा.