मदत हवी आहे: खानावळीवरच्या करांबद्दल निवेदन कुणाला द्यायचं?

नमस्कार मंडळी,

नाशिकला भाड्याच्या गाळ्यात माझं पोळीभाजी केंद्र आहे. पोळ्या लाटायला तीन बायका आणि मी. गेल्या आठवड्यात आमच्या भागातल्या दुकानदारांची बैठक झाली. दोन पक्षांचे कार्यकर्ते आले. एक म्हणे सगळा भार केंद्राच्या जीएसटीचा, दुसरा म्हणे राज्यच पिळतंय. तासभर भांडून गेले. निवेदन लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

मी जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या योजनेत आहे. विक्रीवर ५ टक्के भरते, पण ते गिऱ्हाइकाच्या बिलात लावता येत नाहीत आणि खरेदीवरच्या कराची वजावटही मिळत नाही. १९ किलोच्या सिलिंडरवरचा १८ टक्के जीएसटी माझ्याच खिशातून जातो. घरगुती सिलिंडरवर ५ टक्केच आहे. हे दर केंद्र आणि राज्यांच्या मंत्र्यांच्या जीएसटी परिषदेत ठरतात. तिथे मतांचं एक तृतीयांश वजन केंद्राचं, दोन तृतीयांश राज्यांचं, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश मतं लागतात. मग हात कुणाला झटकता येतात?

व्यवसाय कर, म्हणजे नोकरी-धंदा करणाऱ्याकडून घेतला जाणारा कर, मात्र निव्वळ राज्याचा. माझ्याकडच्या बायकांना तो माफ आहे, कारण २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना सूट आहे. ते योग्यच. पण मला वर्षाला २,५०० भरावेच लागतात. आजारपणामुळे दीड महिना केंद्र बंद होतं, त्या वर्षीही भरले. शेजारच्या मोठ्या हॉटेलवाल्यालाही तेवढेच. राज्यघटनेच्या कलम २७६ नं २,५०० ही कमाल मर्यादा घातली आहे; छोट्या माणसाला कमी ठेवायला कुणाची आडकाठी आहे? निवेदनात पहिला मुद्दा हाच घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

आता माझी अडचण. १० ऑक्टोबर २०२४ पासून, गाळामालकाची जीएसटी नोंदणी नसेल तर भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी नोंदणी असलेल्या भाडेकरूनं भरायचा झाला. १६ जानेवारी २०२५ पासून कंपोझिशनवाल्यांना वगळलं. मधल्या तीन महिन्यांचे पैसे भरावेच लागतील असं आमचे कर सल्लागार म्हणतात. भाडं २२ हजार, म्हणजे महिन्याला ३,९६०. तेवढ्यात माझं महिन्याचं तेल येतं.

त्या काळाबद्दल कुणाला सूट मिळाली आहे का? कोणत्या आदेशाचा आधार दाखवला? आणि व्यवसाय कराचं निवेदन आमदारांमार्फत द्यावं की थेट अर्थखात्याला? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. रविवारी पुन्हा बैठक आहे.