लिंकनचं मंत्रिमंडळ डिसेंबर १८६२ त फुटलं कसं नाही?

फोंडेकर: गोव्यात पक्षांतर म्हटलं की दोन तृतीयांशाचं गणित आधी निघतं. २०२२ त काँग्रेसचे ११ पैकी ८ आमदार गेले, तेव्हाही तेच. अमेरिकेत लिंकननं मात्र राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी आपल्याविरुद्ध उभे राहिलेले सीवर्ड, चेस आणि बेट्स मंत्री केले. पुढे उत्तर-दक्षिणेच्या यादवी युद्धात सिनेटर्स परराष्ट्रमंत्री सीवर्डला काढा म्हणून हटून बसले, तरी सरकार टिकलं. क्रम कोणी सांगेल काय?

मांडवीकाठ: आधी पर्वरीचा, म्हणजे गोवा विधानसभेचा, चष्मा उतरवा. इथे मंत्री हा आमदार असतो. तिथे मंत्र्याला काँग्रेसचं, म्हणजे अमेरिकी संसदेचं, सदस्यत्व ठेवताच येत नाही. चेस ओहायोतून सिनेटवर निवडून आला होता, खजिन्याचं खातं मिळताच त्यानं जागा सोडली. त्यामुळे विश्वासदर्शक ठराव नाही, व्हिप नाही. नेमणुकीला सिनेटची संमती लागते, पण मंत्र्याला घरी पाठवणं राष्ट्राध्यक्षाच्या हातात. सिनेटर्सच्या हाती उरतो फक्त दबाव.

जुनंपान: क्रम असा. १३ डिसेंबरला फ्रेडरिक्सबर्गला लिंकनच्या, म्हणजे उत्तरेच्या, सैन्यानं सपाटून मार खाल्ला. खापर फुटलं सीवर्डवर. लिंकनच्याच रिपब्लिकन पक्षाच्या सिनेटर्सच्या बैठकीची खबर लागताच त्यानं राजीनामा धाडला. १८ च्या रात्री ९ जणांचं शिष्टमंडळ लिंकनकडे गेलं. लिंकननं शांतपणे ऐकलं, शब्द काही दिला नाही. १९ ला पुन्हा बोलावलं, तर समोर सीवर्ड सोडून सगळं मंत्रिमंडळ बसलेलं! ‘मंत्र्यांना विचारतच नाहीत’ हे सिनेटर्सच्या कानी घालणारा चेसच. आता सहकाऱ्यांदेखत काय बोलणार? महत्त्वाच्या विषयांवर साधारणपणे चर्चा होते, असं त्याला कबूल करावं लागलं. सिनेटर्सचं बळच गेलं.

२० ला चेस राजीनामा घेऊन आला. कागद हातात धरून घुटमळत होता, लिंकननं तो ओढूनच घेतला. मग दोघांच्याही राजीनाम्याला नकार. खरी मेख इथे आहे: एकटा सीवर्ड गेला असता तर पक्षातला जहाल गट (गुलामगिरी तातडीनं संपवा म्हणणारा, चेसच्या बाजूचा) डोक्यावर बसला असता, एकटा चेस गेला असता तर तोच गट बिथरला असता. कावड दोन्ही बाजूंना भरली की खांद्यावर ठरते. लिंकनचा दाखला घोडेस्वाराचा होता: पिशवीच्या दोन्ही टोकांना एकेक भोपळा.

डिचोलीवाचक: छान, पण ही कावड कायमची ठरली नाही. चेसला १८६४ ची उमेदवारी हवी होती. फेब्रुवारीत त्याच्या समर्थकांचं गुप्त पत्रक फुटलं आणि हसं झालं. जूनमध्ये न्यूयॉर्कच्या साहाय्यक कोषाधिकाऱ्याच्या नेमणुकीवरून त्यानं पुन्हा राजीनामा दिला, या वेळी लिंकननं तो ३० जूनला स्वीकारला. उमेदवारी पदरात पडल्यावर चेसची गरज उरली नव्हती, असं माझं मत.

फोंडेकर: मग चेस विरोधात गेला?

डिचोलीवाचक: नाही. त्यानं लिंकनचाच प्रचार केला, आणि डिसेंबरात लिंकननं त्याला सरन्यायाधीश केलं. जहालांना नकोसा झालेल्या पोस्टमास्टर जनरल ब्लेअरचं मात्र बघा: २२ सप्टेंबरला जहालांचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार फ्रीमाँट माघार घेतो, २३ ला ब्लेअर बाहेर. सौदा होता की नाही यावर इतिहासकार अजून भांडतात.