फ्लू थंड पदार्थांनी होत नाही
इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, थंडगार शिकंजी प्यायल्याने फ्लू झाला, असे एकाने लिहिले आहे. थंड पदार्थांनी घसा खवखवू शकतो, पण फ्लू, म्हणजेच इन्फ्लुएंझा, त्याच्या विषाणूशिवाय होत नाही. 1892 मध्ये जर्मन जिवाणुशास्त्रज्ञ फायफर यांनी या आजाराचे खापर एका जिवाणूवर फोडले होते. माणसातील खरा विषाणू 1933 मध्ये सापडला.

मला अधिक काळजी वाटते ती प्रसाराची. इंदूरच्या आपल्या मंडळांत गणपतीच्या आरतीला बंद सभागृहात माणसे खांद्याला खांदा लावून मोठ्याने गातात, खोकणाऱ्याच्या हातातली झांज शेजारच्याच्या हाती जाते आणि तोच हात पुढे नाकाला लागतो. तोंडातून उडणारे थेंब, त्यांहून सूक्ष्म कण आणि असे हात, या तिन्ही वाटांनी विषाणू पोहोचतो. शिवाय लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासूनच संसर्ग पसरू लागतो, म्हणून ‘मला तर ताप नाही’ हा भरवसा अपुरा आहे. ताप असेल त्याने आरती घरीच करावी, आणि आजी-आजोबांनी व गर्भवतींनी डॉक्टरांना विचारून दरवर्षी लस घ्यावी, कारण विषाणू सतत रूप बदलत असल्याने मागच्या वर्षीची लस पुरत नाही.